रिव्हॉल्व्हरचं फिनिश निवडताना: आधी मायक्रॉन मोजा, मग रंग बघा

कोकण किनारपट्टीवर पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. उघडं पोलाद साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गंजायला लागतं. त्यावर बोटांचा घाम किंवा खाऱ्या वाऱ्यातलं मीठ बसलेलं असेल तर परिस्थिती आणखी बिकट होते. ७५ टक्के आर्द्रतेला मीठ हवेतलं पाणी ओढून आपोआप विरघळतं, आणि हाताला कोरड्या लागणाऱ्या पोलादावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर चोवीस तास काम करत राहतो. त्यामुळे नाशिक-पुण्याकडे वर्षानुवर्षं चांगलं राहिलेलं रिव्हॉल्व्हर अलिबागला, मालवणला किंवा पणजीला एका पावसाळ्यात नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या (गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या) खाचांमध्ये तांबूस होतं.

यावर उपाय म्हणून फिनिश बदलायचं ठरतं, आणि पहिली चर्चा रंगाची होते: काळं हवं, चंदेरी हवं की मातकट हवं. रंग सगळ्यात शेवटी ठरवावा. रिव्हॉल्व्हर हे जेमतेम केसाएवढ्या फटींवर चालणारं यंत्र आहे. त्यामुळे कोणत्या भागावर किती जाडीचा थर चालेल, हा खरा प्रश्न आहे. तो सुटला की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

काम कोणाकडे द्यायचं

हे आधी सांगितलेलं बरं, कारण इथे चूक झाली तर गंजापेक्षा मोठं संकट उभं राहतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. एमआयडीसीतला निकेल प्लेटिंगवाला कितीही कसबी असला आणि ओळखीचा असला, तरी तुमचं रिव्हॉल्व्हर त्याच्या ताब्यात ठेवणं दोघांनाही अडचणीत आणतं. शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे द्यावं, परवान्यावरचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी, आणि पुढची प्रक्रिया त्याच्याकरवी व्हावी.

दुसरी गोष्ट क्रमांकाची. कलम ८ प्रमाणे शस्त्रावर ठोकलेलं नाव, क्रमांक किंवा ओळखखूण पुसणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. जुना गंज काढताना बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) जास्त वेळ धरलं की उथळ ठोकलेले आकडे पुसट होतात. जाड लेपाखालीही ते बुजतात. काम सुरू होण्याआधी आकड्यांचे जवळून फोटो काढावेत, त्या भागावर बफ चालवायचा नाही असं पावतीवरच लिहून घ्यावं.

थर किती जाड चालेल

नळीचं मागचं तोंड आणि सिलिंडरचा पुढचा भाग यांच्यामध्ये एक फट असते. चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती साधारण ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असते. समजा, तुमच्याकडे ती ०.१५ मिलिमीटर आहे. सिरॅमिक लेपाचा नेहमीचा थर २५ मायक्रॉनचा, म्हणजे ०.०२५ मिलिमीटरचा. तो दोन्ही तोंडांवर बसला तर ०.०५ मिलिमीटर गेले आणि उरले ०.१०. रिकामं असताना सिलिंडर छान फिरेल. पण लागोपाठ गोळ्या झाडल्यावर सिलिंडर तापून फुगतो, तोंडावर काजळी आणि शिशाचा थर साचतो, आणि ट्रिगर जड होत होत सिलिंडर अडकतो. शिवाय त्या फटीतून जळता वायू बाहेर पडत असतो, त्यामुळे तिथला लेप जळून पापुद्र्याने सुटतो. थोडक्यात, तिथे लेप टिकतही नाही आणि फट मात्र खातो.

चेंबरचंही, म्हणजे सिलिंडरमधल्या गोळी बसते त्या पोकळीचंही, तसंच. १२ मायक्रॉनचा थर दिला की तो सगळीकडून बसतो, म्हणून चेंबरचा व्यास २४ मायक्रॉनने कमी होतो. झाडल्यावर पितळी टरफल फुगून चेंबरच्या भिंतीला टेकतं आणि मग थोडं आकसतं. आकसायला जागा कमी पडली की टरफलं चिकटतात, ती बाहेर ढकलणारी चांदणीच्या आकाराची चकती ठोकावी लागते.

आट्यांच्या बाबतीत गणित आणखी कडक आहे. ६० अंशांच्या आट्यांवर थर दिला तर स्क्रूचा कार्यकारी व्यास थराच्या चौपटीने वाढतो. १२ मायक्रॉनचा मुलामा म्हणजे जवळजवळ ०.०५ मिलिमीटर. बाजूच्या पट्टीचा छोटा स्क्रू मग अर्ध्यात अडकतो, आणि जोर लावला की डोक्याची खाच फाटते.

भारतात अनेक परवानाधारकांकडे असलेलं कानपूरच्या आयुध कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या घराण्यातलं आहे. ते मधून मोडून उघडतं. त्यात वरची कडी आणि पुढचा बिजागर या दोन जागा फार नाजूक. कडी जिथे फ्रेमला पकडते तिथे थर चढला तर कडी पूर्ण बसत नाही. मग कोणीतरी कानस घेऊन ती "बसवतो". पुढे थर झिजला की कडी ढिली पडते आणि नळी हलायला लागते. त्यामुळे या रिव्हॉल्व्हरमध्ये कडीच्या पकडीच्या पृष्ठभागावर आणि बिजागराच्या पिनेवर कोणताच जाड थर नको.

थर कुठे नको, याची पूर्ण यादी अशी: नळीचं आतलं छिद्र, सहाही चेंबर, नळीचं मागचं तोंड आणि सिलिंडरचं पुढचं तोंड, सिलिंडरच्या मागची दातेरी चकती, तिला ढकलणारा पंजा, सिलिंडर रोखणारी खीळ, घोडा आणि ट्रिगर एकमेकांत अडकतात त्या कडा, आणि सगळ्या स्प्रिंगा. घोडा-ट्रिगरच्या कडांवर थर दिला तर घोडा किती खोल अडकतो ते बदलतं. तो फार थोडा अडकायला लागला तर हादऱ्याने सुटू शकतो. हा जिवाचा प्रश्न आहे.

ब्लूइंग: गंजानेच गंज रोखायचा प्रयत्न

निळसर-काळं पारंपरिक फिनिश म्हणजे रंग नाही आणि मुलामाही नाही. पोलादाच्या पृष्ठभागाचंच रूपांतर मॅग्नेटाइट या काळ्या लोह-ऑक्साइडमध्ये केलेलं असतं. हा थर एक-दोन मायक्रॉनचा, मापात फरक न पाडणारा. त्यामुळे चेंबर, फट, आटे या कशाचीच काळजी करावी लागत नाही, आणि आतल्या भागांनाही तो चालतो. ब्लूइंगचा मोठा फायदा हाच.

तोटा असा की हा थर सच्छिद्र आहे. तो स्वतः पाणी अडवत नाही, तेल धरून ठेवतो. घरातल्या लोखंडी तव्यासारखं आहे हे: तेलाचा हात फिरत राहिला तोवर काळा, एकदा घासून ओला ठेवला की तांबडा. ब्लूइंग केलेलं रिव्हॉल्व्हर घामेजल्या हाताने धरून तसंच ठेवलं, तर किनाऱ्यावर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजाच्या रूपाने दिसतात.

ब्लूइंगच्या तीन पद्धती आहेत आणि तिघींच्या टिकाऊपणात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गरम ब्लूइंगमध्ये कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट-नायट्राइट क्षारांच्या दाट द्रावणात साधारण १३५ ते १५० अंश सेल्सिअसला भाग २० ते ३० मिनिटं ठेवतात. द्रावणाचं तापमान क्षारांच्या प्रमाणावर ठरतं. पाणी उडालं की उकळबिंदू चढतो, आणि तापमान जास्त झालं की रंग जांभळट-लालसर येतो. अशा द्रावणात एकदम पाणी ओतलं तर ते क्षणात वाफ होऊन कॉस्टिक उसळतं. त्यामुळे घराच्या गॅलरीत स्टीलचं पातेलं ठेवून करण्याचं हे काम नव्हे. अॅल्युमिनियमचा एखादा भाग चुकून आत गेला तर तो विरघळतो आणि हायड्रोजन वायू सुटतो. बाहेर काढल्यावर उकळत्या पाण्याने नीट धुतलं नाही, तर फटींमध्ये अडकलेले क्षार पुढे कित्येक आठवडे पांढरी भुकटी होऊन बाहेर येत राहतात. कारागिराने धुण्यात घाई केली की नाही, ते या भुकटीवरून कळतं.

गंज-ब्लूइंग ही जुनी, वेळखाऊ, पण माझ्या मते पोलादी रिव्हॉल्व्हरसाठी सगळ्यात सुंदर पद्धत. सौम्य आम्लद्रावणाचा पातळ हात देऊन दमट पेटीत भाग ठेवायचा, काही तासांत एकसारखा बारीक तांबडा गंज येऊ द्यायचा, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये १०-१५ मिनिटं उकळायचा. उकळल्यावर तांबडा गंज काळा होतो. वरची मऊ काजळी तेल काढलेल्या बारीक स्टील-वूलने पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून. सहा ते आठ फेऱ्यांनंतर थर भरतो. शिसं-कथलाच्या डागाने जोडलेल्या नळ्या किंवा माश्या (नेम धरायच्या पुढच्या खुणा) असतील तर हीच पद्धत वापरावी लागते, कारण गरम ब्लूइंगचं कॉस्टिक तो डाग खातं. गरम ब्लूइंगपेक्षा हा थर घासाला थोडा जास्त टिकतो, आणि चमक मंद असल्यामुळे छोटे ओरखडे नजरेत भरत नाहीत.

तिसरी पद्धत थंड ब्लूइंग: बाटलीतलं सेलेनियमयुक्त द्रावण बोळ्याने लावायचं. त्यातून मॅग्नेटाइट तयार होत नाही. तांबं-सेलेनियमचा एक पातळ काळा थर बसतो, तो होल्स्टरमध्ये चार दिवसांत पुसला जातो आणि गंजाविरुद्ध त्याचा उपयोग जवळपास शून्य. ओरखडा झाकण्यापुरतं ठीक. द्रावण विषारी आहे, हातमोजे घालावेत. संपूर्ण रिव्हॉल्व्हर थंड ब्लूइंगने करून "नवं फिनिश" म्हणून पैसे घेणारा कारागीर टाळावा. ओळखायचं कसं? दिसणार नाही अशा कोपऱ्यात बोळा दाबून घासला की कापसावर काळं उतरतं, आणि नाकाजवळ धरलं तर उग्र वास येतो.

ब्लूइंगची चमक ब्लूइंगमुळे येत नाही, आधीच्या पॉलिशमुळे येते. ४०० नंबरच्या कागदावर थांबलात तर मंद रेशमी काळं, पुढे बफपर्यंत गेलात तर आरशासारखं. पण बफिंगमध्ये कडा गोल होतात आणि स्क्रूची भोकं खळग्यासारखी पसरतात. ते नुकसान कायमचं.

फॉस्फेट

मँगनीज फॉस्फेटचं करडं-काळं, खरखरीत फिनिश सैनिकी शस्त्रांवर विसाव्या शतकात सर्रास दिलं गेलं. ९० ते ९५ अंशांच्या फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणात पोलादावर स्फटिक वाढतात. ते ब्लूइंगपेक्षा पुष्कळ जास्त तेल धरतात, म्हणून गंजाविरुद्ध सरस ठरतं. रायफलीला उत्तम. रिव्हॉल्व्हरच्या आतल्या सरकत्या भागांवर मात्र ते वाळूसारखं करकरतं. बाहेरून फ्रेम आणि नळीवर देता येईल, तेही साध्या पोलादावरच. स्टेनलेसवर फॉस्फेट धरत नाही.

निकेल आणि क्रोम

आता मुलाम्याकडे येऊ. इथे एक मूलभूत गोष्ट समजून घ्यायला हवी. जस्त पोलादावर दिलं तर ते आधी स्वतः झिजतं आणि पोलाद वाचवतं. निकेल आणि क्रोम तसं करत नाहीत. ते फक्त भिंत उभी करतात. भिंतीला सुईएवढं भोक राहिलं तर त्या भोकातून पाणी आत जातं, आणि तिथलं पोलाद उलट जास्त जोमाने खड्डा पडेपर्यंत गंजतं. वरून चंदेरी, खालून पोखरलेलं. म्हणून मुलाम्याच्या बाबतीत जाडी आणि सलगपणा यांवरच सगळं अवलंबून आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांनी विजेच्या साहाय्याने निकेल चढवलेली रिव्हॉल्व्हर मोठ्या प्रमाणावर विकली. विजेच्या पद्धतीत कडांवर थर जाड आणि खोबणीत पातळ बसतो. काही कारागीर निकेलखाली तांब्याचा पातळ थर देतात. अशा शस्त्राला नळी साफ करायचं अमोनियायुक्त द्रावण किंवा पितळ चमकवायची पॉलिश लावली, तर टवका उडालेल्या जागेतून अमोनिया आत शिरून तांबं खातो आणि निकेल पापुद्र्यासारखं उचकटतं.

या अडचणींवर उत्तर म्हणजे वीज न वापरता रासायनिक पद्धतीने चढवलेलं निकेल. कारखान्यांत त्याला इलेक्ट्रोलेस निकेल म्हणतात, आणि पुणे-चाकण पट्ट्यातल्या वाहन उद्योगामुळे हे नाव महाराष्ट्रात परकं नाही. ८५ ते ९५ अंशांच्या द्रावणात निकेल आणि फॉस्फरसचा मिश्र थर सगळीकडे सारख्या जाडीने बसतो, खोबणीत, कोपऱ्यात, खाचेतही. ऑर्डर देताना दोन आकडे विचारायचे. पहिला फॉस्फरसचा: १० टक्क्यांच्या वर असेल तर खाऱ्या हवेत सगळ्यात चांगला टिकतो. दुसरा जाडीचा: बाहेरच्या भागांवर १२ मायक्रॉन. त्याहून पातळ थरात सुईभोकं राहतात. तीव्र सागरी वापरासाठी उद्योगात २५ मायक्रॉनपर्यंत जातात, पण रिव्हॉल्व्हरच्या मापांत तेवढी जागा नसते.

थर कडक करायचा आणखी एक उपाय सुचवला जातो: ४०० अंशांना तासभर भाजणं. आकड्यांत ते आकर्षक आहे, ५०० विकर्सच्या आसपासची कठीणता ९००-१००० वर जाते. पण इथे नकार द्यावा. भाजल्याने थरात बारीक तडे जाऊन गंजरोधकता घटते, आणि घोडा-ट्रिगरसारख्या कडक केलेल्या भागांचं पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ पडतात. समुद्रकाठच्या माणसाला कठीणतेपेक्षा सलगपणा महत्त्वाचा.

भाजायचं एका वेगळ्या कारणासाठी, कमी तापमानाला. आम्लात धुताना आणि मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होतं. त्यासाठी मुलाम्यानंतर चार तासांच्या आत १९० अंशांच्या आसपास काही तास भाजून हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. स्प्रिंगांचा धोका सगळ्यात मोठा: चकाचक स्प्रिंग एके दिवशी काही कारण नसताना मोडते. त्यामुळे स्प्रिंगा मुलाम्याला द्यायच्याच नाहीत, तेलावर ठेवायच्या.

हार्ड क्रोम घासाच्या बाबतीत निकेलच्या पुढे आहे. रोज होल्स्टरमधून काढ-घाल करणाऱ्यासाठी त्याचं आकर्षण समजण्यासारखं आहे. पण त्याच्या थरात मुळातच केसासारखे सूक्ष्म तडे असतात, कडांवर तो गाठीसारखा जमतो, आणि खोल खाचांमध्ये पोचतच नाही. कोरड्या विदर्भात चालेल. वेंगुर्ल्यात मी त्याची शिफारस करणार नाही. त्याच्या द्रावणातलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, त्यामुळे सांडपाण्याची सोय नसलेल्या छोट्या शेडमध्ये हे काम होत असेल तर तिथून परत फिरावं.

सिरॅमिक लेप

सेराकोट या नावाने ओळखला जाणारा सिरॅमिक-पॉलिमर लेप गेल्या काही वर्षांत फार लोकप्रिय झाला आहे. निव्वळ गंज रोखण्यात तो या यादीतल्या बहुतेकांना मागे टाकतो, कारण तो खरोखर सलग पडदा आहे आणि तेलावर अवलंबून नाही. उथळ खड्डेही त्याखाली झाकले जातात. मर्यादा जाडीची: २५ मायक्रॉन, म्हणून फक्त बाहेरून.

या लेपाचं यश फवाऱ्यावर दहा टक्के आणि तयारीवर नव्वद टक्के अवलंबून असतं, म्हणून क्रम माहीत असलेला बरा. सगळे भाग सुटे करून अॅसिटोनमध्ये तेल काढायचं. मग १५० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवायचं. फटींमध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं तेल उष्णतेने बाहेर येतं. आलं तर पुन्हा अॅसिटोन, पुन्हा ओव्हन. ही पायरी गाळली की पक्कं होताना तेल वर येऊन लेपाला फोड येतात, आणि ते बहुधा नळी फ्रेमला मिळते त्या आट्यांजवळच येतात. त्यानंतर चेंबर, नळी, दोन्ही तोंडं, पिनांची भोकं बुचांनी आणि उष्णता सोसणाऱ्या टेपने बंद करायची. १०० ते १२० नंबरच्या अॅल्युमिनियम ऑक्साइडने ८० ते १०० पीएसआय दाबाखाली ब्लास्टिंग करायचं. काचेचे मणी चालत नाहीत, ते पृष्ठभाग ठोकून गुळगुळीत करतात आणि लेपाला पकडच मिळत नाही. त्यापुढे उघड्या हाताने स्पर्श नाही. पावसाळ्यात ब्लास्ट केलेलं पोलाद तासाभरातही तांबूस व्हायला लागतं, म्हणून फवारणी त्याच सत्रात झाली पाहिजे, आणि कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा फिल्टर हवाच. भट्टीत पक्का होणारा प्रकार १२१ अंशांना दोन तास. एवढ्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरत नाही, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू.

घासाला मात्र तो धातूच्या मुलाम्यासारखा नाही. सिलिंडरवर खीळ घासून गोल रेघ पडेल, नळीच्या तोंडाच्या कडा उघड्या होतील. तेवढ्या जागी तेल लावत राहायचं.

उरलेले पर्याय

क्षारद्रावणातलं नायट्रायडिंग फार सरस फिनिश आहे: घासाला कठीण, गंजाला चिवट, मापात फरक नगण्य. पण द्रावण ५७० ते ५८० अंशांचं असतं. तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या पोलादाला कारखान्यात याहून कमी तापमानाला टेम्पर दिलेलं असेल, तर सिलिंडर आणि फ्रेमचा गाभा मऊ पडेल. सिलिंडर स्फोटाचा दाब सोसतो. कारखान्यातूनच तसं आलं असेल तर आनंदाने घ्यावं, वापरातल्या शस्त्रावर नंतर करवून घेऊ नये.

निर्वात कक्षात दिलेले टायटॅनियम नायट्राइड किंवा डीएलसीचे (हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचे) थर दोन-चार मायक्रॉनचे आणि अतिशय कठीण. घासासाठी छान, पण सूक्ष्म छिद्रांमुळे साध्या पोलादाला गंजापासून पुरेसं वाचवत नाहीत. स्टेनलेसवर शोभतात.

स्टेनलेसचं म्हणाल तर १९६५ मध्ये स्मिथ अँड वेसनने मॉडेल ६० बाजारात आणलं आणि स्टेनलेस रिव्हॉल्व्हरचं युग सुरू झालं. पण नळ्या-फ्रेमसाठी वापरतात ते ४१० किंवा ४१६ जातीचं स्टेनलेस. त्यात क्रोमियम १२-१३ टक्क्यांच्या आसपास असतं, स्वयंपाकघरातल्या ३०४ जातीत १८. शिवाय ४१६ मध्ये कातकाम सोपं जावं म्हणून गंधक घातलेलं असतं, तेही गंजाला वाट देतं. त्यामुळे स्टेनलेस रिव्हॉल्व्हरवरही घामाचे तांबूस ठिपके येतात. ते पुसून तेल लावलं की बहुतेक वेळा भागतं. २०१४ मध्ये कानपूरहून आलेल्या 'निर्भीक'सारख्या टायटॅनियम मिश्रधातूच्या फ्रेमवर ब्लूइंग होतच नाही. तिथे फ्रेमपेक्षा आतल्या पोलादी पिना आणि स्प्रिंगांकडे लक्ष द्यावं.

मग घ्यायचं काय

साधं पोलाद, किनाऱ्यावर वास्तव्य आणि रोज अंगावर बाळगणं असेल, तर जास्त फॉस्फरसचं इलेक्ट्रोलेस निकेल १२ मायक्रॉन. चेंबर, तोंडं आणि कडा झाकून घ्यायच्या, आतले भाग ब्लूइंगवर ठेवायचे. चकाकी नको असेल तर आधी बारीक ब्लास्टिंग करून मंद निकेल मागावं. शस्त्र बहुतांश कपाटात राहत असेल आणि किनाराच असेल, तर बाहेरून सिरॅमिक लेप. देशावर राहत असाल आणि पंधरवड्याला एकदा फडकं फिरवायची सवय असेल, तर गंज-ब्लूइंग किंवा चांगलं गरम ब्लूइंग पुरेसं आहे. त्यासारखं दिसणारं दुसरं काही नाही.

आजोबांच्या काळातलं वेब्ली किंवा कोल्ट असेल तर हात लावू नये. मूळ फिनिश विटलेलं असलं तरी तेच त्याचं मोल आहे. तेल आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाने ते तसंच जपावं. आणि चेंबरच्या भिंतीत किंवा सिलिंडर रोखणाऱ्या खाचांमध्ये खोल खड्डे पडले असतील तर फिनिशचा विषयच संपला. ते शस्त्र झाडण्यायोग्य आहे का, हे परवानाधारक कारागिराने ठरवायचं.

माहितीपत्रकातल्या मीठफवारा चाचणीच्या तासांवर फार भिस्त ठेवू नका. ३५ अंशांच्या कक्षात पाच टक्के मिठाच्या धुक्यात इतके तास टिकलं, एवढंच ते सांगतं. दोन थरांची तुलना करायला उपयोगी. तासांवरून घरातली वर्षं काढता येत नाहीत, कारण त्या कक्षात होल्स्टरचा घास नसतो.

ताब्यात घेताना

देण्याआधी आणि घेताना, दोन्ही वेळा, शस्त्र पूर्ण रिकामं आहे याची खात्री करून गॅरेजमध्ये असतात तसल्या फीलर गेजने नळी-सिलिंडरची फट मोजावी. सहाही चेंबर नळीसमोर आणून सहा आकडे लिहावेत आणि त्यातला सगळ्यात लहान धरावा. तो ०.१० मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर काम परत करावं. सावकाश घोडा ताणत प्रत्येक चेंबर जागेवर येऊन खटकन अडकतो का पाहावं. थर चढलेल्या खाचेत खीळ अर्धवट बसते, ते बोटाने सिलिंडर हलवला की कळतं. उघडमिटीची कडी नुसत्या अंगठ्याने पूर्ण बसली पाहिजे. आणि क्रमांक वाचता आला पाहिजे.

पुढची देखभाल

हाताळून झालं की दरवेळी कोरडं फडकं आणि त्यावर गन-ऑइलचा पातळ हात. खोबरेल लावण्याची सवय अनेक घरांत आहे, ती सोडावी. खोबरेल खवट झालं की त्यात मेदाम्लं तयार होतात, आणि २४ अंशांच्या खाली ते थिजून आतली यंत्रणा जड करतं. जवसाचं तेल तर वाळून राळेसारखं चिकटतं. बाहेरच्या भागावर मेणाचा पातळ थर देऊन पुसलं तर घामाचे ठसे धरत नाहीत. लाकडी मुठीची आतली बाजूही मेणाने बंद करावी. मुठीखाली साचलेला घाम बाहेरून दिसत नाही आणि फ्रेम तिथेच सगळ्यात आधी गंजते.

चामडी होल्स्टर फक्त वापरताना. चामडं ओल धरतं, त्यात कमावतानाचे क्षार आणि आम्लांश असतात. कोणतंही फिनिश चामड्यात गुंडाळून पावसाळाभर ठेवलं तर डागतंच. कुलूपबंद पेटीत ५०-१०० ग्रॅम सिलिका जेल ठेवावं, रंग बदलला की ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास तापवून पुन्हा वापरावं.

निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायचा आदेश आला, तर ते काही आठवडे तुमच्या नजरेआड राहतं. देण्याआधी नळी, चेंबर आणि सिलिंडरच्या खाचांना नेहमीपेक्षा जाड तेल द्यावं, गंजरोधक बाष्प सोडणाऱ्या व्हीसीआय कागदात गुंडाळावं, वरून प्लॅस्टिकची पिशवी, आणि होल्स्टर घरीच. पावतीवर क्रमांकाबरोबर शस्त्राची स्थितीही नोंदवून घ्यावी. परत मिळालं की त्याच दिवशी उघडून जुनं तेल पुसावं, आणि नळी व सहाही चेंबर कोरडे करूनच ते पुन्हा वापरात घ्यावं. चेंबरमध्ये तेल राहिलं तर टरफल भिंतीला धरत नाही आणि मागे फ्रेमवर जास्त जोराने आदळतं.